परवान्यावर आलेलं कापड

निजामाच्या फौजेतला इंग्रज अधिकारी फिलिप मेडोज टेलर याची 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी १८३९ साली लंडनमध्ये तीन खंडांत निघाली. व्हिक्टोरिया राणीनं तिचे छापील फर्मे तपासून होतील तसे मागवून वाचले, ही गोष्ट कादंबरीविषयी लिहिणारा जवळपास प्रत्येक जण सांगतो. मराठवाड्यातल्या वाचकाला मात्र तिच्या प्रस्तावनेत राणीपेक्षा जवळचं काही सापडतं. तिथे हिंगोली येते. आज ती स्वतंत्र जिल्ह्याचं ठिकाण आहे, पण १ मे १९९९पर्यंत ती परभणी जिल्ह्यातच होती. टेलरच्या काळात निजामाच्या खर्चानं पोसलेल्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची तिथे छावणी होती. पलटन, रिसाला बाजार, तोफखाना, पेन्शनपुरा ही हिंगोलीतल्या वस्त्यांची नावं त्या छावणीचीच.

प्रस्तावना ओलांडून वाचक अमीर अलीकडे धावतात, आणि ते साहजिक आहे. सातशे एकोणीस खून पदरी असलेला नायक समोर असताना प्रस्तावनेत कोण रेंगाळणार? पण हिंगोलीचा तो मजकूर मी पुन्हा पुन्हा वाचतो, आणि साम्राज्य व समाजशास्त्र यांच्या नात्यावरच्या जाड ग्रंथांपेक्षा तो मला अधिक बोलका वाटतो. कारण पुढे उभ्या राहिलेल्या एका मोठ्या शास्त्राला जे कधीच पचलं नाही, ते या मजकुरात साध्या शब्दांत सांगून ठेवलेलं आहे.

मजकूर असा. हिंगोलीत हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता. छावणीतल्या कित्येकांचा त्याच्याशी नेहमीचा व्यवहार होता. या हरीसिंगानं एकदा त्या भागाचा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मागितला. परवाना मिळाला. हिंगोलीपासून फार लांब नसलेल्या एका गावचा व्यापारी आपलं कापड घेऊन मुंबईहून वाटेवर आहे, हे हरीसिंगाला ठाऊक होतं. त्यानं त्या व्यापाऱ्याला, त्याच्या माणसांना आणि बैल हाकणाऱ्यांना वाटेत संपवलं, माल त्याच परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीत उजळ माथ्यानं विकला. पकडला गेल्यावर त्यानं स्वतःच हे सांगितलं, तेही एखादी फर्मास गंमत सांगावी तसं. त्यानं सांगितलं नसतं तर कुणाला पत्ता लागला नसता, असं टेलर म्हणतो.

या हकिगतीची गंमत, गंमत हा शब्द इथे जपून वापरायला हवा, पण वाङ्मयीन अर्थानं गंमत अशी की तिच्यात तीन जण गुंतलेले आहेत आणि तिघांपैकी फक्त एकच गुन्हेगार ठरतो. एक हरीसिंग. दुसरा परवाना देणारा साहेब. तिसरी कापड विकत घेणारी छावणी. रेनॉल्ड्सचा परवाना नसता तर माल नाक्यानाक्यावर अडला असता, त्याची चौकशी झाली असती. मुडद्यावरून उतरवलेलं कापड कायदेशीर झालं ते सरकारी कागदानं. आणि पैसा झाला तो छावणीच्या बाजारात. टेलर कुणावर ठपका ठेवत नाही. तो फक्त सांगतो. पण सांगता सांगता एक उपवाक्य टाकतो की या हरीसिंगाशी इतरांप्रमाणे माझाही सतत व्यवहार असे. सगळ्या प्रस्तावनेत मला हे उपवाक्य सर्वांत मोलाचं वाटतं. निरीक्षक स्वतः निरीक्षणाच्या चौकटीत आला आहे. त्याच्या अंगावरच्या सदऱ्याचं कापड कुठून आलं असेल, हा प्रश्न तो विचारत नाही. वाचकानं विचारावा इतकी जागा मात्र सोडतो.

मग तो नाल्याकडे वळतो. हरीसिंगाच्या टोळीनं छावणीच्या बाजारातच, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, अनेक माणसं मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली. जागा कुठली? नदीला मिळणारा एक कोरडा ओढा, चरापेक्षा रुंद नाही की खोल नाही, शेजारच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. आज हिंगोलीच्या कडेनं कयाधू वाहते; तिला मिळणारे असे ओढे उन्हाळ्यात ठणठणीत कोरडे असतात, आणि वाटेवरचा माणूस त्यांच्याकडे बघतही नाही. माफीचे साक्षीदार एकेक जागा दाखवत गेले, थंडपणे, आणि प्रत्येक खड्ड्यातून अनेक देह निघाले. टेलर तिथे हजर होता. शेवटी बघणाऱ्यांनाच शिसारी आली आणि खणणं थांबवलं गेलं.

वर्णनात कुठेही रंग भडक केलेला नाही. कादंबरीत टेलरला भडकपणाचं वावडं नाही, तिथे तो मनसोक्त रंगवतो. इथे तो अंतरं सांगतो, ओढ्याची खोली सांगतो, रस्ता कुठे जातो ते सांगतो. आणि खणणं का थांबलं हे प्रामाणिकपणे सांगतो, जागा संपल्या म्हणून नव्हे, मन विटलं म्हणून. म्हणजे हिंगोलीत नेमके किती पुरले गेले याचा आकडा अपुराच राहिला, आणि तो का अपुरा राहिला याचं कारण आकडा काढणाऱ्यांच्या पोटात ढवळलं हे आहे. पुढच्या शंभर वर्षांतल्या सरकारी तक्त्यांत अशी कबुली शोधून सापडायची नाही.

तक्ता याच प्रस्तावनेत आहे. १८३१ ते १८३७ या काळात पकडलेल्या ठगांचा. एकूण ३,२६६. पैकी ४१२ फाशी, १,०५९ पिनांग वगैरे ठिकाणी काळ्या पाण्यावर, ४८३ माफीचे साक्षीदार. तक्ता आणि ओढा एकाच प्रस्तावनेत, काही पानांच्या अंतरानं. एकीकडे हरीसिंग, ज्याला ओळखणं अशक्य होतं कारण तो सगळ्यांसारखा होता. दुसरीकडे तीन हजारांवर माणसं, रकान्यांत बसवलेली, जणू त्यांना ओळखणं आता सोपं झालं आहे. हे सोपं कसं झालं, याची कथा म्हणजे इंग्रजी राज्यात समाजाच्या अभ्यासाची एक सुरुवात.

ती साक्षीदारांपासून सुरू होते. ठगांविरुद्धच्या मोहिमेचा प्रमुख विल्यम स्लीमन यानं १८३६ साली कलकत्त्यात 'रामसीआना' छापला. त्यात ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश आहे, साक्षीदारांशी झालेले संवाद आहेत आणि ठग घराण्यांच्या वंशावळीही आहेत, कोण कुणाचा बाप, कुणाचा दत्तक, कुणाची बहीण कुठे दिली. मुलाखत, वंशावळ, शब्दसंग्रह, नकाशा, तक्ता. मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही हत्यारं ओळखीची वाटतील. मानववंशशास्त्रज्ञ रिव्हर्सनं टॉरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर वंशावळींची पद्धत घडवली ती १८९८ साली. जबलपूरच्या ठगी कचेरीत साठ वर्षं आधी वंशावळी काढल्या जात होत्या. फरक इतकाच की जबलपुरात माहिती देणाऱ्याच्या गळ्यात दोर होता. नाव सांगितलं, जागा दाखवली, नातेवाईक ओळखला तर जीव वाचे. असा माणूस विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतो. न विचारलेल्या प्रश्नालाही देतो, जर ते हवं आहे असं त्याला वाटलं तर.

त्यात १८३६चा तिसावा कायदा आला. ठगांच्या टोळीतला आहे एवढं सिद्ध झालं की जन्मठेप, मग ते कंपनीच्या मुलखात असो की बाहेर. म्हणजे निजामाच्या मुलखातली हिंगोलीसुद्धा त्याच्या कक्षेत. कुणाला मारलं, कधी, कुठे, हे सिद्ध करायची गरज उरली नाही. तू कोण आहेस एवढं पुरेसं झालं. आणि तू कोण आहेस हे ठरवायला वंशावळ हाताशी होती. कायद्याला शास्त्र लागलं आणि शास्त्राला कायद्यानं माणसं पुरवली.

इथे मी कादंबरीकडे परत येतो, कारण कादंबरीकार टेलर याच वेळी भलतंच काही लिहून बसला आहे. त्याचा अमीर अली जन्मानं ठग नाही. त्याच्या आईबापांना ठगांनीच मारलं. इस्माइल नावाच्या ठगानं पोराला दत्तक घेतलं, माया दिली, मोठा केला, धंद्यात घातला. पुढे त्याच्या हातून त्याची सख्खी बहीण मारली जाते, आणि ते त्याला फार उशिरा कळतं. टेलर १८३२ मध्ये एका खऱ्या साक्षीदाराला भेटला होता, त्यावरून ही कथा घेतल्याचं तो सांगतो. किती घेतली, किती रचली, हा वेगळा प्रश्न. पण रचनेचा कणा बघा. ज्या काळात कचेरीत वंशावळी काढून रक्तातला गुन्हा शोधणं चाललं आहे, त्या काळात त्याच खात्याच्या साहित्यावर पोसलेला कादंबरीकार सांगतो की रक्ताचा काही संबंध नाही, माया आणि संगत यांनी माणूस घडला. शिवाय एका साहेबाला आपली हकिगत सांगणाऱ्या अमीर अलीच्या तोंडी एक तिरकस युक्तिवाद घालतो. तुम्ही साहेब लोक वाघामागे, डुकरामागे महिने घालवता, त्याला मर्दुमकी म्हणता. मग त्याहून चतुर सावज धरणाऱ्याला नावं का ठेवता? ऐकणारा साहेब यावर फारसं बोलत नाही. साहेबाचं हे कमी बोलणं ही या कादंबरीतली टेलरची खरी कारागिरी. प्रश्नकर्ता मागे राहतो आणि बोलणारा इतका मोकळा सुटतो की साहेबाला तो आवडू लागतो, आणि आपल्यालाही.

प्रस्तावनेतही टेलरनं ठगीची कारणं दिली आहेत आणि ती आजच्या समाजशास्त्राच्या वर्गात चालतील अशी आहेत. दूरचा प्रवास पायी किंवा घोड्यावर, सार्वजनिक वाहन नाही, म्हणून अनोळखी वाटसरू सोबतीसाठी एकत्र येतात. रोकड आणि मौल्यवान माल माणसांच्या अंगावरून जातो. छोटे संस्थानिक, जमीनदार, पाटील लुटीत हिस्सा घेऊन आसरा देतात. मेलेल्याचं घर शेकडो कोसांवर, तो परतला नाही हे कळायला महिने लागतात. यात जात कुठे आहे? कवटी कुठे आहे? रस्ता, नाणं आणि आसरा आहे.

कवटी मात्र तोवर जहाजातून निघालीही होती. सागरला फाशी दिलेल्या सात ठगांच्या कवट्या हेन्री स्प्राय या डॉक्टरनं एडिंबरोच्या मस्तिष्कशास्त्र मंडळाकडे पाठवल्या. कवटीवरच्या उंचवट्यांवरून स्वभाव सांगणारं हे शास्त्र तेव्हा जोरात होतं. रॉबर्ट कॉक्सनं १८३४ साली त्यावर निबंध लिहिला. अडचण अशी आली की विध्वंसवृत्तीचा उंचवटा व्हावा तितका मोठा भरेना. मग दयाबुद्धी कमी, संपादनाची हाव जास्त, अशी जुळणी करून निष्कर्ष उभा केला गेला. हरीसिंगाची कवटी मोजली असती तर काय निघालं असतं? छावणीतल्या कुठल्याही चलाख व्यापाऱ्याचं निघालं असतं तेच, असं मानायला टेलरचा परिच्छेद पुरेसा आहे.

पुढची वाट परिचित आहे म्हणून भरभर जातो. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा. माणसाचा धंदा जातीनं ठरतो, म्हणून गुन्ह्याचाही ठरणार, या तर्कावर अख्ख्या जमातींची नोंद, हजेरी, परवान्याशिवाय गाव न सोडण्याची सक्ती. पुन्हा परवाना आलाच. पण या वेळी तो हरीसिंगासारख्या शेटजीसाठी नव्हता, पालावर राहणाऱ्यांसाठी होता. इंग्रज अधिकारी रिस्लेनं १८९१ साली बंगालच्या जातींवर ग्रंथ काढला आणि नाकाच्या रुंदीवरून जातीची पायरी सांगितली. त्या वाटेनं मग प्रांतोप्रांतीचे ग्रंथ आले. आपल्या भागाचा आला १९२० साली, सय्यद सिराज उल हसन यांचा निजामाच्या मुलखातल्या जाती-जमातींवरचा. कळमनुरीकडचा आंध असो की बंजारा तांडा, प्रत्येकाला त्या मांडणीत आपापलं कलम मिळालं. निजामाचा अधिकारी इंग्रजी साच्यात आपली रयत बसवतो, हे दृश्य एकट्या साहेबाच्या नावावर टाकून मोकळं होण्यासारखं नाही. नाकाच्या मोजमापाला पहिलं टणक उत्तर मात्र मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी मुंबई विद्यापीठातून दिलं, १९३२च्या जात आणि वंश यांवरच्या पुस्तकात, रिस्लेचीच मापं पुन्हा तपासून.

आणि टेलर? हे मला सर्वांत खटकतं, म्हणून सांगतो. 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचा छायाचित्रांचा आठ खंडांचा सरकारी प्रकल्प १८६८ ते १८७५ दरम्यान निघाला, प्रत्येक फोटोखाली जमातीचं नाव आणि स्वभाववर्णन. नंतरच्या खंडांतला बराच मजकूर लिहिला तो कर्नल मेडोज टेलरनं. ज्याच्या हातून अमीर अलीसारखा जमातीच्या कलमात न मावणारा माणूस उतरला, ज्यानं हिंगोलीच्या शेटजीत काहीही वेगळं दिसत नव्हतं हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहिलं, तोच म्हातारपणी फोटोंखाली जमातवार स्वभाव लिहीत बसला. वयाचा दोष म्हणावा तर सुरापूर संस्थानाच्या कारभारावरचं त्याचं आत्मचरित्रातलं लेखन शेवटपर्यंत माणसाळलेलं आहे. मला वाटतं, दोष प्रकाराचा होता. कादंबरीत माणूस बोलतो. फोटोखालच्या चार ओळींत तो बोलू शकत नाही. तिथे त्याच्याबद्दल बोललं जातं.

या सगळ्यावरून अलीकडचे काही अभ्यासक म्हणाले की ठगी ही साहेबाची कल्पनाच. कायदा वाढवायला, संस्थानांत शिरकाव करायला रचलेली. किम वॅग्नर यांनी २००७च्या आपल्या पुस्तकात मधली वाट धरली: वाटमारीचा प्रकार खरा, त्याभोवती रचलेला धर्मपंथ आणि अखिल भारतीय कट ही कचेरीची निर्मिती. हिंगोलीचा परिच्छेद मला याच बाजूला नेतो. ओढ्यातले देह कुणी रचले नाहीत. टेलरनं ते पाहिले. पण त्या परिच्छेदात देवी नाही, कुदळीची पूजा नाही, शकुन नाहीत. कापड आहे, परवाना आहे, ओळखीचा व्यापारी आहे. धर्मपंथाचं गूढ प्रस्तावनेत इतरत्र आणि कादंबरीभर पसरलेलं आहे, आणि लंडनच्या वाचकाला तेच आवडलं. स्वतः पाहिलेलं सांगताना टेलर गूढाला हात लावत नाही.

उलट बाजूनं लिहिलेलं वाचायचं तर आपल्याच मराठवाड्यातलं पुस्तक आहे. लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' १९८७ साली आलं, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. लातूरजवळच्या धनेगावच्या माणसानं, ज्याच्या जमातीला कायद्यानं जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं त्या माणसानं, स्वतःची हकिगत स्वतः सांगितली. ती ऐकायला समोर साहेब नव्हता आणि बोललं तर जीव वाचेल अशी अटही नव्हती. त्यात पोलीस आहेत, भूक आहे, आणि चोरीच्या मालाचे गिऱ्हाईकही आहेत, प्रतिष्ठित. टेलरच्या छावणीनंतर हे गिऱ्हाईक मला छापील मजकुरात इतक्या ठळकपणे तिथेच भेटले.

एक माणूस तरीही दोन्हीकडे नाही. वंशावळींत मारणाऱ्यांच्या पिढ्यांची नावं आहेत, कोशात त्यांचे शब्द आहेत, एडिंबरोत त्यांच्या कवट्या आहेत. मुंबईहून कापड घेऊन निघालेल्या त्या व्यापाऱ्याचं नाव टेलर देत नाही, गावही नाही. गाव वसमत असेल, कळमनुरी असेल, वाशीम असेल. सूत, वाण, रंग, बैलांची संख्या, यातलं काही नोंदलेलं नाही. बैल हाकणारे तर संख्येनंही येत नाहीत. मारणाऱ्याची जात जाणून घ्यायला राज्याला अख्खं खातं काढावं लागलं, ते १९०४पर्यंत चाललं. मेलेल्याबद्दल त्या खात्याला विचारायचं होतं ते फक्त एवढंच, की तो कुठे पुरला आहे.